दिवसाला एक मिलिमीटर

चंद्रकला खंडारेच्या उजव्या मनगटावरची जखम नऊ महिने जुनी होती. वरणाच्या पातेल्याचा काठ तिथं टेकला होता. टेकला आणि टेकलेलाच राहिला, कारण चंद्रकला शेजारणीशी बोलण्यात गुंतली होती आणि हाताला काही कळलंच नाही. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा कुठं तिनं खाली पाहिलं.

तिच्या दोन्ही हातांना गेली पस्तीस वर्षं काही कळत नव्हतं. सतराव्या वर्षी तिला कुष्ठरोग झाला. गोळ्यांनी तो पुरता बरा झाला, पण तोवर मेलेल्या नसा मेल्या त्या मेल्याच. घरच्यांनी परत नेलं नाही. परतवाड्याजवळच्या या वसाहतीत ती आली, सतरंज्या विणायला शिकली आणि इथल्याच देवरावशी तिचं लग्न झालं. देवरावच्या हातांना सगळं कळायचं, पाय मात्र तिच्या हातांसारखेच होते. "दोघं मिळून एक धड माणूस होतो आम्ही," असं तो पाहुण्यांना सांगायचा आणि स्वतःच मोठ्यानं हसायचा. वसाहतीची संत्र्याची बाग तो सांभाळत असे.

साल २०३९, जून महिना. अमरावतीच्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातली सुमेधा ठोसर नावाची संशोधक दवाखान्यात चंद्रकलासमोर बसली होती. हातातल्या कुपीत पिवळसर हिरवं मलम होतं.

"कोनत्या झाडाचं हाय हे?" चंद्रकलानं विचारलं.

"सांधपाला म्हणतात मेळघाटात. ओढ्याच्या काठी वाढतो. त्याच्या पानांचा अर्क आहे, मावशी. उंदरांवर झाला, डुकरांवर झाला, आता माणसांच्या जखमांवर बघायचाय. सगळ्या परवानग्या आहेत. तरी तुम्हाला नको वाटलं तर नाही म्हणा."

"नको कायले? नऊ महिने झाले, भरून नाही राहिली मेली." चंद्रकलानं हात पुढं केला. "लावा. दुखन्याचं काही टेन्शन घेऊ नका. मले सुई टोचा का खिळा, सारखंच."

सुमेधानं मलम लावलं, पट्टी बांधली, तारीख लिहिली.

चार वर्षांत तिनं दोनशेहून अधिक झाडांच्या पानांचे अर्क तपासले होते. पद्धत साधी होती. काचेच्या बशीत माणसाच्या कातडीच्या पेशींचा पातळ थर वाढवायचा, त्यावर बारीक सुईनं एक ओरखडा काढायचा आणि अर्काचा थेंब टाकून दर दहा मिनिटांनी फोटो घेत बसायचं. फोटो घ्यायचं काम यंत्र करी. ओरखड्याच्या दोन्ही काठांवरच्या पेशी सरकत सरकत मधली फट बुजवतात. अर्क चांगला असेल तर फट लवकर बुजते.

सांधपाल्याच्या बशीत फट उशिरा बुजली होती. सुमेधा ती बशी टाकूनच देणार होती. पण फोटो एकामागून एक पळवून बघताना ती थबकली. एरवी पेशी फटीत घुसतात त्या आग लागलेल्या घराकडं धावणाऱ्या गर्दीसारख्या, एकमेकींवर चढत. इथं त्या थांबत होत्या, शेजारणीचा अंदाज घेत होत्या आणि ओळीत सरकत होत्या. जणू कुणीतरी त्यांना सांगत होतं, घाई नाही, नीट करा.

कातडीवर वण का राहतो, याचं उत्तर याच घाईत आहे. शरीराला जखम उघडी ठेवायची भीती असते. जंतू आत येतील, रक्त वाहून जाईल. म्हणून ते मिळेल त्या धाग्यांनी भोक लिंपून टाकतं. त्या लिंपणात केसांची मुळं नसतात, घामाची छिद्रं नसतात, आणि नसांना वाट तर नसतेच. आईच्या पोटातल्या गर्भाला जखम झाली, तर ती वण न ठेवता भरते, कारण तिथं घाई नसते. ही घाई काढून घेणारं काहीतरी सांधपाल्याच्या पानात होतं.

चंद्रकलाची जखम एकोणिसाव्या दिवशी भरली. पट्टी सोडली तेव्हा सुमेधाला आधी वाटलं, आपण चुकीचा हात धरलाय. वण नव्हता. भिंगातून पाहिलं तर नव्या कातडीवर बारीक लव उगवली होती आणि घामाचे टिपूस चमकत होते. पहिल्या खेपेचं मलम मिळालेल्या पाचही रोग्यांचं असंच झालं. चंद्रकलाच्या बाबतीत गोष्ट तिथं थांबली नाही, एवढंच.

जुलैच्या शेवटी तिचा फोन आला. आवाज घाबरलेला होता.

"ताई, मनगटाखाली मुंग्या येऊन राहिल्या. पाहिलं तं काहीच नाही."

सुमेधा दुसऱ्याच दिवशी आली. तिनं चंद्रकलाला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा केसाइतका बारीक धागा तळहातावर टेकवला.

"काही कळतंय?"

"नाही."

धागा वर सरकवला. "आता?"

"नाही."

मनगटाच्या अगदी जवळ आणला. मिटल्या डोळ्यांच्या कडेनं चंद्रकलाच्या गालावर पाणी उतरलं.

"हो," ती म्हणाली. "हो. हो ना. अजून एकदा टेकवा."

सुमेधानं चाळीस वेळा टेकवला. चाळीस वेळा ती बरोबर बोलली.

नस तुटली किंवा मेली, तरी तिचं मूळ वर शाबूत असतं. त्या मुळातून नवा कोंभ फुटू शकतो. तो साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढतो. नखाच्या दहापट भरभर, तरी डोळ्यांना न दिसण्याइतका हळू. पण त्याला वाट लागते आणि वाटेवर वणाची भिंत उभी असते. जळलेल्या जागेच्या बरोबर खालून तळहाताची मोठी नस जात होती. मलमानं कातडी सांधताना ते आत झिरपलं, नसेभोवतीची जुनी भिंत विरघळली आणि पस्तीस वर्षं अडकून बसलेला कोंभ चालायला लागला.

तज्ज्ञांच्या समितीनं उपचार पुढं चालू ठेवायला मान्यता दिली. आता कातडी धड होती, म्हणून मलमाऐवजी न दुखणाऱ्या सूक्ष्म सुयांची पट्टी दर सोमवारी मनगटावर लावायची ठरली. पट्टी लावली, की सुमेधा नायलॉनचा धागा घेऊन बसे आणि जिथपर्यंत कळतंय, तिथं निळ्या शाईनं रेघ ओढून तारीख घाली. रेघ आठवड्याला सात मिलिमीटर खाली येत होती. पोळ्याच्या आठवड्यात सुमेधा तापानं आजारी पडली, पट्टी चुकली, आणि त्या आठवड्यात रेघ तसूभरही हलली नाही. म्हणजे पट्टी थांबली की कोंभही थांबतो, हे कळलं.

सोमवारी माग बंद ठेवून बाया रेघ बघायला येऊ लागल्या. देवळात आरतीच्या आधी माणसं उभी राहतात तशा उभ्या राहत. एक म्हातारी दर वेळी विचारायची, "कुठवर आलं पानी?" कालव्यात पाणी सोडल्यावर शेताच्या टोकाशी उभं राहून विचारतात, तसं.

दसऱ्याला रेघ तळहाताच्या मधोमध होती. देवरावनं आपट्याचं पान बायकोच्या तळहातावर ठेवलं.

"सोनं घे."

चंद्रकलानं मूठ मिटली. पानाची खरखर, त्याची मधली शीर, त्याचा थंडपणा. मग ते पान बाजूला ठेवून तिनं नवऱ्याचा हात तळहातावर घेतला.

"काय पाहून राहिली?" देवराव हसत म्हणाला.

"तुमचा हात लय खरबरीत हाय वं माय," ती म्हणाली. "तीस वर्सं झाली लग्नाले. मले वाटे, मऊ असंल."

देवराव हसायचं विसरला. तिनं बराच वेळ हात सोडला नाही.

नोव्हेंबरअखेर रेघ बोटांच्या मुळाशी आली, आणि तिकडं सुमेधाच्या प्रयोगशाळेत सगळंच बिनसलं. पहिल्या खेपेचा पाला जेमतेम दोन पोती होता. तो संपत आला म्हणून तिनं मोठी खेप मागवली होती. वनखात्याची परवानगी, कापणीचं यंत्र, शीतपेट्या, सगळं रीतसर. झाड तेच, ओढा तोच. अर्कही तसाच काढला. पण बशीतल्या पेशी नेहमीसारख्या धावत सुटल्या. पुन्हा कापलं, पुन्हा तेच. नुसता हिरवा रस. आधीच्या खेपेच्या पट्ट्या नऊ उरल्या होत्या. त्या सगळ्या चंद्रकलासाठी राखून ठेवल्या होत्या, कारण बाकीच्यांच्या जखमा भरून झाल्या होत्या आणि रेघ फक्त तिच्याच हातावर चालत होती. नऊ आठवड्यांत बोटांची दोन पेरं तरी जागी झाली असती.

वसाहतीत एक जुना नेम होता. पाय बधिर असलेल्यांनी रोज संध्याकाळी पाय पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं आणि जखम आहे का ते बघायचं. देवरावच्या पायांना तेल लावायचं काम चंद्रकलाचं. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी ती डाव्या टाचेला तेल लावत होती. तिचा हात थांबला.

तिनं उजव्या पायावर तळहात ठेवला. पुन्हा डाव्यावर.

"तुमचा पाय तापून राहिला."

"कायचा तापते? दिवसभर उन्हात होतो."

"दोन्ही पाय उन्हातच होते ना?"

देवरावनं पाय वळवून पाहिला. जखम नाही, सूज नाही, कातडी धड. "काही तं नाही दिसत. तुझ्या हाताले नवीनच कौतुक लागलं. दिसंल ते गरम वाटते."

चंद्रकलानं वाद घातला नाही. ती उठली आणि दवाखान्याची गाडी बोलावून आली.

पायाच्या स्कॅनमध्ये टाचेच्या आत पूच पू दिसला. हाडापर्यंत पोचलेला. बाहेरून आठवडाभरानं दिसला असता आणि तोवर पाय हातचा गेला असता. अमरावतीला त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. घोट्याच्या आतल्या अंगानं कापून सगळा पू काढला. तिथं अंगठा जाईल एवढी खोल पोकळी राहिली.

शल्यविशारद मोकळेपणानं बोलले. "मावशी, तुम्ही हात लावून ओळखलं म्हणून पाय आजच्या दिवशी आहे. पण या पायात रक्त कमी पोचतं. ही पोकळी सहा-आठ आठवड्यांत भरायला लागली नाही, तर घोट्यावरून काढावा लागेल."

सुमेधा दवाखान्यात आली तेव्हा चंद्रकला तिची वाटच बघत होती.

"माह्या पट्ट्या यांच्या पायाले लावा."

"मावशी, त्या लावल्या तर तुमची बोटं..."

"ठाऊक हाय मले. पोळ्याच्या आठवड्यात पाहिलं नाही का? रेघ जिथल्या तिथं थांबन. थांबू द्या."

खाटेवरून देवराव म्हणाला, "नाही लावायच्या."

"तुम्हाले कोनी विचारलं?"

"पाय माहा हाय. मलेच विचारतीन." तो सुमेधाकडं वळला. "ताई, हिची बोटं येऊ द्या. पाय गेला तं लाकडाचा बसवतीन. मले त्या पायाचं तसंही काही कळत नाही, लाकडाचाच होता तो." मग आवाज उतरवून म्हणाला, "अन् खरं सांगू का? मले भेव वाटते. नसा मेल्या तेव्हा माह्या पायात दोन वर्सं इंगळ फिरत होता. रात-रात लोळलो मी. मेल्या एकदाच्या अन् झोप लागली. आता त्याच नसा परत जित्या करू? कायले?"

चंद्रकला खाटेच्या कडेला बसली.

"दुखंल," ती म्हणाली. "मी खोटं सांगणार नाही. परवा मागाच्या दोरीनं तळहात कापला, तं मी लहान लेकरावानी रडली. पन ऐका. पातेलं मनगटावर टेकलं तेव्हा मले दुखलं नाही, म्हणून नऊ महिने जखम भोगली. तुमच्या पायात पू झाला, तुम्हाले दुखलं नाही, म्हणून हाडाले लागला. दुखत नव्हतं म्हणून चांगलं होतं का ते?"

देवराव छताकडं बघत होता.

"अन् मी काही बोटं दान नाही करून राहिली तुम्हाले," ती पुढं म्हणाली. "तुम्ही बागेत गेले नाही, तं घरात बसून दिवसभर मलेच बोलसान. मले ते नको."

देवरावच्या तोंडाचा एक कोपरा हलला. थोड्या वेळानं त्यानं सुमेधाकडं पाहून मान डोलावली.

समितीची परवानगी दोन दिवसांत आली. अर्काचं पुन्हा मलम करून ते पोकळीत भरायचं होतं. पट्टीपेक्षा ते जास्त लागणार होतं. हिशोब केला तर सहा आठवडे पुरत होतं. पंधरा दिवसांनी पोकळीच्या तळाशी गुलाबी, दाणेदार मांस दिसू लागलं. चंद्रकलाच्या तळहातावरची निळी रेघ बोटांच्या मुळाशी थांबली. सुमेधा दर सोमवारी तीच रेघ पुन्हा गडद करायची.

"ताई," एका सोमवारी चंद्रकलानं विचारलं, "पयल्या खेपीचा पाला तोडला कोनी?"

"मजुरांनी. पुरवठादारानं लावले होते."

"नाव काय त्यांचं?"

सुमेधानं टॅब उघडला. नोंदीत अर्काचं तापमान दशांश चिन्हासकट होतं, मातीचा आम्लांक होता, ओढ्याचे अक्षांश-रेखांश होते. तोडणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, स्थानिक मजूर. ती त्या दोन शब्दांकडं बघत राहिली. चार वर्षं हा रकाना तिनं स्वतःच असा भरला होता.

"सतरंजी खराब निघाली, तं आम्ही पयले विचारतो, विनली कोनी," चंद्रकला म्हणाली. "चांगली निघाली तरी विचारतो."

पुरवठादाराकडून नाव मिळवायला चार दिवस लागले. फुलकाई कासदेकर. सेमाडोहच्या पुढं, आत, एका कोरकू ढाण्यात, म्हणजे पाड्यावर, राहते. जानेवारीच्या मध्याला सुमेधा निघाली. चंद्रकलानं बरोबर यायचा हट्ट धरला.

फुलकाई साठीच्या आसपासची, काटक बाई. अंगणात तिच्या सात-आठ शेळ्या. तिनं पाहुण्यांना पाणी दिलं, आणि पेला घेताना चंद्रकलाची वाकडी बोटं बघून तिचा हात सरळ आपल्या हातात घेतला. उलटसुलट करून पाहिला, निळ्या रेघेवरून अंगठा फिरवला. उपचाराच्या कामाशिवाय वसाहतीबाहेरच्या कुणी आपणहून हात धरल्याचं चंद्रकलाला आठवत नव्हतं. आणि आता तर तो स्पर्श तिला कळत होता, मोहाच्या सालीसारखा जाड, गरम.

"इथवर आलं?" रेघेचा अर्थ सुमेधाकडून ऐकून फुलकाईनं विचारलं. ती कोरकू मिसळलेली वऱ्हाडी बोलत होती.

"इथवर. पुढं नाही गेलं," सुमेधा म्हणाली. "आम्ही त्याच ओढ्यावरनं पाला नेला, तर त्यात काहीच नाही. तुम्ही कसा तोडला होता?"

"तुमची मशीन मी पाहिली," फुलकाई म्हणाली. "आली, घर्रकन कापून गेली. झाडाले काही समजू तं द्या ना बाई."

"म्हणजे?"

"चाला."

ऊन कलताना ती त्यांना ओढ्यावर घेऊन गेली. सांधपाल्याची झुडपं कमरेएवढी होती. फुलकाईनं पहिल्या झुडपाचं बुडाजवळचं एकच पान धरलं आणि देठापासून अर्धं फाडून तसंच लोंबतं ठेवलं. दुसऱ्या झुडपाचं एक. तिसऱ्याचं एक. असं पन्नासेक झुडपांना केलं आणि हात झटकले.

"झालं. आता घरी."

"अन् तोडायचं?" चंद्रकलानं विचारलं.

"उद्या. दिवस उगवता."

परतताना तिनं सांगितलं. शेळ्या चारताना तिच्या लक्षात आलं होतं, की शेळी या झुडपाची चार पानं खाते आणि तोंड फिरवून पुढं जाते. आधी वाटलं, पोट भरलं असेल. मग तिनं स्वतः पान चावून पाहिलं. न खाल्लेल्या झुडपाचं पान पांचट. खाल्लेल्याचं कडू जहर, आणि वासही निराळा. एका शेळीची मान काट्यानं फाटली होती, तेव्हा तिनं दोन्ही लावून पाहिलं, एका बाजूला हे, एका बाजूला ते.

"कडूवाली बाजू भरली. केसबी आले," फुलकाई म्हणाली. "मग मी दहा शेळ्यांवर पाहिलं. मग सासऱ्याच्या पायावर पाहिलं. सकाळचा पाला चालते. दुपारचा कमी. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा चालत नाही."

सुमेधा वाटेतच उभी राहिली. तिच्यासमोर आठवीपर्यंतही न शिकलेली बाई होती, आणि तिनं तुलना केली होती, संख्या वाढवून पडताळलं होतं, वेळ बदलून पाहिली होती.

झाडाला मज्जातंतू नसतात, तरी एक पान फाटलं की त्याची वर्दी साऱ्या झाडाला जाते. फाटल्या जागेतून निघालेली विजेसारखी सूक्ष्म लाट शिरांवाटे दोन-चार मिनिटांत टोकाच्या पानापर्यंत पोचते आणि प्रत्येक पान बचावाची रसायनं बनवू लागतं. हे विज्ञानाला ठाऊक होतं. सांधपाल्यात त्या रसायनांबरोबर, फाटलं ते नीट सांधा, असं सांगणारा रेणूही तयार होत होता, तोच पेशींना सबुरी शिकवणारा. त्याला बनायला बारा-तेरा तास लागत आणि नंतर तो विरून जाई. यंत्रानं कापलेल्या झाडाला जखम कळायच्या आत ते मेलेलं असे. पहिली खेप गुणी निघाली, कारण फुलकाई कधीच घाईनं पाला तोडत नव्हती.

सकाळी धुक्यात तिघी ओढ्यावर गेल्या. फुलकाईनं पान खुडून चंद्रकलाच्या तळहातावर ठेवलं. सुमेधानं फाटक्या पानांच्या रांगेकडं पाहिलं. रात्रभर ही झुडपं इथं उभ्या उभ्या स्वतःला सांधत होती, आणि ते करताना जे बनत होतं, ते माणसाच्या हातातल्या नसेला समजत होतं. झाडाचा आणि माणसाचा सामायिक पूर्वज दीडशे कोटी वर्षांपूर्वीचा. इतक्या दुरून आलेली ती बोली दोघांना अजून कळत होती. सुमेधा नुसती उभी राहिली.

"तोडा ना आता," फुलकाई म्हणाली. "ऊन येईन."

त्या पाल्याच्या अर्काखाली बशीतल्या पेशी थांबल्या आणि ओळीत सरकू लागल्या. देवरावचं मलम संपायला चार दिवस उरले होते. मधे खंड पडला नाही.

फेब्रुवारीअखेर पोकळी पूर्ण भरली. शल्यविशारदांनी घोट्यावरची नवी लव भिंगातून पाहिली, भिंग खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. पुढच्या वर्षभरात संध्याकाळी झाडाचं एकच पान फाडणारं आणि पहाटे बाकीची खुडणारं यंत्र एका कारखान्यानं बनवलं. पण सुमेधानं आपला शोधनिबंध लिहिला तेव्हा पहिलं नाव फुलकाई कासदेकर यांचं घातलं. महाविद्यालयात कुरकूर झाली. तिनं दहा शेळ्यांची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "याला तुम्ही काय म्हणाल?" पहिलं नाव तेच राहिलं.

चंद्रकलाची रेघ त्याच फेब्रुवारीत पुन्हा चालू लागली. मे महिन्यात अंगठा आणि शेजारची दोन बोटं टोकापर्यंत जागी झाली. करंगळीची नस निराळी, कोपरातून येणारी. ती तशीच राहिली. आता विणताना चंद्रकलाचा वेग निम्मा झाला होता. दोरी बोटाला घासली की दुखायचं, फोड यायचे. मुकादमीण कुरबुरली, तर ती म्हणे, "थांब वं. मले हरेक धागा भेटून राहिला."

देवरावच्या पायाचं मात्र काही कळेना. सुमेधा दर सोमवारी त्याच्या घोट्यावर नवी पट्टी लावून घोट्याच्या खाली धागा टेकवायची आणि तो दर सोमवारी म्हणायचा, "नाही ताई." प्रत्येक नस जागी होतेच असं नाही, हे तिनं त्याला आधीच सांगितलं होतं. तो हसून म्हणायचा, "पाय राहिला ना. लय झालं."

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तो बागेत झाडांना आळी करत होता. घोट्याच्या पट्टीला हवा लागावी म्हणून डावी चप्पल काढून ठेवली होती. चंद्रकला न्याहारीचा डबा घेऊन बागेच्या फाटकाशी पोचली आणि तिला त्याची किंकाळी ऐकू आली. डबा टाकून ती धावत सुटली. साप, हेच तिच्या मनात आलं.

देवराव आळ्याच्या कडेला मातीत बसला होता. डावा पाय दोन्ही हातांनी धरला होता. चेहरा घामानं थबथबलेला, तोंड उघडं.

"काय झालं? कुठं चावलं? दाखवा!"

त्यानं टाचेकडं बोट दाखवलं. टाचेच्या आतल्या कडेला एक लाल मुंगी जबडा रोवून, मागचा भाग उंच करून चिकटली होती.

चंद्रकलानं चिमटीत धरून ती काढायला हात पुढं नेला. देवरावनं तिचं मनगट पकडलं.

"थांब," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "थांब वं थोडं. चावून राहिली. चावू दे."